अपवेलिंगच्या पाण्यातला नायट्रस ऑक्साइड : मोजायचा कसा, वाचायचा कसा

किनाऱ्यालगतच्या अपवेलिंगच्या, म्हणजे खालून वर चढून आलेल्या थंड पाण्यातले नायट्रस ऑक्साइडचे आकडे पहिल्यांदा हाती येतात, तेव्हा बहुतेक जण सगळ्यात मोठा आकडा शोधतात, त्याभोवती लाल गोल काढतात आणि खाली लिहितात, ‘इथे उत्पादन जास्त’. मीही तेच केलं होतं. पुढे कळलं की गोल काढलेल्या थरात तो वायू तयार झालेलाच नव्हता. दुसरीकडे तयार होऊन पाण्याबरोबर वाहत आला होता. या वायूचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. सोबत ऑक्सिजन, नायट्राइट, खोली, वारा आणि तारीख असेल तरच तो बोलतो. समुद्ररसायनाचं जुजबी वाचन आहे पण हा वायू कधी मोजलेला नाही, अशांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत. प्रयोगशाळेत सगळे या वायूला एनटूओ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

पायरी १ : पाणी वर का येतं आणि वायू कुठून येतो, हे आधी पक्कं करा

किनाऱ्याला समांतर वारा वाहत राहिला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचा थर वाऱ्याच्या दिशेला काटकोनात सरकतो : उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे. हे सरकणं किनाऱ्यापासून दूर असलं, की रिकामी जागा भरायला खालचं थंड पाणी वर चढतं. त्यात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर आणि ऑक्सिजन कमी. उजेडात येताच प्लवकांची वाढ होते, ते मरून खाली बसतात, आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. पेरू-चिली, कॅलिफोर्निया, वायव्य आफ्रिका आणि नामिबिया-दक्षिण आफ्रिका हे चार पट्टे यासाठी प्रसिद्ध आहेत. अरबी समुद्रात सोमालिया, ओमान आणि भारताचा पश्चिम किनारा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात या यादीत येतात.

या पाण्यात एनटूओ मुख्यतः दोन वाटांनी तयार होतो. पहिली नायट्रिफिकेशनची. अमोनियाचं ऑक्सिडीकरण करणारे आर्किया (जिवाणूंसारखेच एकपेशीय सूक्ष्मजीव) आणि जिवाणू आपलं काम करताना थोडा एनटूओ सांडतात. ऑक्सिजन भरपूर असेल तर हे सांडणं नगण्य असतं; ऑक्सिजन घटत गेला की तेवढ्याच अमोनियामागे जास्त वायू निघतो.

दुसरी वाट डीनायट्रिफिकेशनची. ऑक्सिजन जवळपास संपला की जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात. नायट्रेटचं नायट्राइट, त्याचं नायट्रिक ऑक्साइड, त्यापासून एनटूओ, आणि शेवटी साधा नायट्रोजन. म्हणजे इथे एनटूओ हे शेवटचं स्टेशन नाही, मधलं आहे. त्याला पुढे नेणारं विकर (एन्झाइम) तांब्यावर चालतं आणि साखळीतल्या बाकीच्या विकरांपेक्षा ऑक्सिजनला जास्त बुजतं. किंचित ऑक्सिजन आत शिरला की ते आधी बंद पडतं, आणि ऑक्सिजन गेल्यावर उशिरा जागं होतं. मधल्या काळात एनटूओ साचत राहतो. ऑक्सिजन कायमचा शून्य असलेल्या पाण्यात मात्र हेच विकर बाहेरून आलेला एनटूओसुद्धा गिळून टाकतं.

म्हणून सगळ्यात जास्त एनटूओ सापडतो तो ऑक्सिजनच्या काठावर, जिथे ऑक्सिजन आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे. किनाऱ्याचं उथळ पाणी हे असं काठाचंच ठिकाण, आणि म्हणून इथले आकडे इतके उड्या मारतात. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हीच एक गोष्ट आहे.

महत्त्व का, तर शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो, हवेत शतकभर टिकतो आणि वर जाऊन ओझोनही खातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक हिशेबात अपवेलिंगच्या किनारपट्ट्यांचं क्षेत्र समुद्राच्या ३ टक्क्यांहूनही कमी, पण समुद्रातून निघणाऱ्या एनटूओत वाटा सुमारे २० टक्के निघाला.

पायरी २ : बाटली भरायला शिका

ही पायरी कंटाळवाणी वाटते, आणि निम्मी वाताहत इथेच होते. नमुन्याच्या मोठ्या बाटल्यांचं चक्र डेकवर आलं की पहिला नमुना ऑक्सिजनचा, त्यामागोमाग बाकीच्या वायूंचा, पोषकद्रव्यं आणि क्षारता नंतर. कारण पाणी काढत जाल तशी मोठ्या बाटलीच्या डोक्यावर हवा जमते आणि उरलेल्या पाण्याशी देवाणघेवाण सुरू करते. एकदा घाईत मी आधी नायट्रेटचे नमुने भरून घेतले आणि मग वायूकडे वळलो. त्या दिवशीचे तळाजवळचे ऑक्सिजनचे आकडे इतके गुळगुळीत आणि इतके चुकीचे होते की अख्खी रांग टाकून द्यावी लागली.

आता हात कसा चालतो ते बघा. काचेच्या छोट्या बाटलीच्या तळापर्यंत रबरी नळी घाला. नळीत बुडबुडा अडकला असेल तर आधी चिमटून, टिचकी मारून बाहेर काढा. तोटी हळू उघडा. पाणी तळातून शांतपणे वर चढलं पाहिजे, खळखळाट नको. बाटली भरली तरी थांबू नका, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी ओसंडून जाऊ द्या. मग नळी पाणी चालू असतानाच हळूहळू वर ओढून घ्या, म्हणजे तिची जागा हवा घेणार नाही. तोंडावर पाण्याची फुगीर टोपी दिसली पाहिजे. जाड ब्युटाइल रबराचं बूच तिरपं लावत आणा, त्यावर ॲल्युमिनियमची टोपी क्रिंपरने दाबून बसवा. बाटली उलटी करून बोटाने टिचकी मारा. बुडबुडा वर धावताना दिसला तर पाणी ओता आणि पुन्हा भरा.

बुडबुड्याचा एवढा बाऊ कशाला? हिशेब करून बघा. ६० मिलिलिटरच्या बाटलीत अर्धा मिलिलिटर हवा राहिली, तर एनटूओत चूक येते ती दीड टक्क्याच्या आसपास. वाईट, पण जीवघेणी नाही. तीच हवा ऑक्सिजनच्या बाबतीत काय करते? सगळी विरघळली तर लिटरमागे सुमारे ७० मायक्रोमोल ऑक्सिजन वाढतो. म्हणजे मुळात शून्य ऑक्सिजन असलेलं पाणी कागदावर तुलनेने बऱ्या पाण्यासारखं दिसायला लागतं. शिवाय बाटलीत जिवाणू जिवंत असतील तर त्यांना अचानक श्वास मिळतो आणि ते एनटूओचं चित्रही बदलतात.

म्हणून भरल्याबरोबर मर्क्युरिक क्लोराइडचं संपृक्त द्रावण, बाटलीच्या मापानुसार ठरलेलं, बुचातून सुईने टोचून घाला. दुसरी सुई खुपसून ठेवा, म्हणजे तेवढंच पाणी बाहेर येईल आणि आत दाब वाढणार नाही. हे पाऱ्याचं जहाल विष आहे. हातमोज्यांशिवाय हात लावू नका, वापरलेलं पाणी सिंकमध्ये किंवा समुद्रात ओतू नका, वेगळ्या डब्यात साठवून रीतसर विल्हेवाटीला द्या. नमुने अंधारात, थंड जागी ठेवा. प्रत्येक खोलीच्या किमान दोन बाटल्या भरा, जमलं तर तीन. बरोबरीच्या बाटल्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर दोष समुद्रात शोधण्याआधी आपल्या हातात शोधा.

पायरी ३ : मोजणी

रूढ रीत हेडस्पेसची. बाटलीतलं थोडं पाणी शुद्ध नायट्रोजन किंवा हेलियमने हटवायचं, ठरलेल्या तापमानाला भरपूर हलवून वायू आणि पाणी समतोलात आणायचं, मग वरचा वायू गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वायू वेगळे करणाऱ्या यंत्रात सोडायचा. शोधक म्हणून इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर, बोलीभाषेत ईसीडी. तो या वायूसाठी भन्नाट संवेदनशील आहे, पण त्याचे दोन हट्ट आहेत. ओल आणि कार्बन डायऑक्साइड त्याला सहन होत नाही, तेव्हा सापळे वेळेवर बदला. आणि त्याचा प्रतिसाद सरळ रेषेत चालत नाही. अपवेलिंगच्या एकाच फेरीत लिटरमागे ६ नॅनोमोलचाही नमुना येतो आणि काहीशे नॅनोमोलचाही. दोन प्रमाणित (ज्यांतलं एनटूओचं प्रमाण आधीच ठाऊक आहे अशा) वायूंवर रेघ ओढून ती पुढे ताणू नका. सगळ्यात मोठ्या नमुन्याच्याही वर जाणारा प्रमाणित वायू हवाच.

जहाज चालू असताना सतत मोजायचं तर पंपाचं पाणी समतोलकातून (पाणी आणि वायू समतोलात आणणाऱ्या पात्रातून) नेऊन लेझर उपकरणाला जोडतात. छान चित्र मिळतं. पण समतोलकाला पाण्याशी जुळायला काही मिनिटं लागतात, आणि १० नॉटने चाललेलं जहाज मिनिटाला ३०० मीटर पुढे जातं. पाच मिनिटांच्या उशिरात दीड किलोमीटरचा समुद्र एकत्र कालवला जातो. किनाऱ्यालगतच्या अरुंद थंड पट्ट्यात एवढ्याने शिखर बोथट होतं आणि जागाही सरकते.

आपले आकडे दुसऱ्यांच्या आकड्यांशेजारी ठेवणार असाल तर एक आठवण ठेवा. स्कोर या आंतरराष्ट्रीय समितीच्या कार्यगट १४३ ने एकच पाणी वेगवेगळ्या प्रयोगशाळांना मोजायला दिलं, तेव्हा उत्तरांत दखल घ्यावी इतका फरक निघाला. दोन पेपरांतल्या आकड्यांमध्ये १० टक्क्यांचा फरक दिसला की लगेच हवामानबदल आठवू नये.

पायरी ४ : समतोलाचा आकडा काढा

पाणी हवेशी पूर्ण समतोलात असतं तर त्यात किती एनटूओ असता, हे तापमान, क्षारता आणि हवेतलं प्रमाण यांवरून निघतं. वाइस आणि प्राइस यांची १९८० ची विद्राव्यतेची समीकरणं आजही सगळे वापरतात. ढोबळ अंदाज असा : नेहमीच्या खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साडेसहा नॅनोमोलच्या आसपास, १५ अंशांना ९ च्या आसपास. थंड पाण्यात जास्त मावतो.

मोजलेल्या आकड्यातून हा वजा केला की डेल्टा एनटूओ मिळतो, म्हणजे जास्तीचा वायू. ऑक्सिजनचंही तसंच करा : समतोलाच्या आकड्यातून मोजलेला वजा केला की किती ऑक्सिजन खर्च झाला ते कळतं. आता दोघांना एका आलेखावर मांडा. ठिपके एका रेषेवर चढत गेले तर नायट्रिफिकेशनने जमेल तसं काम चाललंय असं समजायला हरकत नाही. ऑक्सिजन संपत आल्यावर रेघ एकदम उसळली किंवा कोसळली, तर तिथून खेळ बदलला. नवशिके सगळ्या ठिपक्यांतून एकच रेघ ओढतात आणि तिच्या उतारावर परिच्छेद लिहितात. कृपा करून लिहू नका. वेगवेगळ्या पाण्यांची नुसती सरमिसळही अशी रेघ काढून देऊ शकते.

पायरी ५ : उभा आलेख वाचा

समजा, एका स्टेशनवर, म्हणजे नमुने घेण्याच्या जागी, असे आकडे आले. पृष्ठभागाला एनटूओ १२, ऑक्सिजन २१०. पंधरा मीटरवर ४५ आणि ६०. तीस मीटरवर ८० आणि ८. साठ मीटरवर १४, ऑक्सिजन शून्य, नायट्राइट ५. (एनटूओ नॅनोमोलमध्ये, बाकीचे मायक्रोमोलमध्ये, लिटरमागे.)

तीस मीटरवर शिखर आहे, ऑक्सिजन अजून थोडा शिल्लक आहे. हा काठाचा थर. साठ मीटरवर एनटूओ उतरला याचा अर्थ तिथे काहीच घडत नाही असा नाही, उलट तिथे सगळ्यात जास्त घडतंय. नायट्राइटचा साठा सांगतो की डीनायट्रिफिकेशन जोरात आहे आणि एनटूओ खाऊन संपवला जातोय. कमी ऑक्सिजनच्या खोल समुद्रात म्हणून दोन शिखरं दिसतात, वर एक आणि खाली एक, मधे खड्डा. अरबी समुद्राचा आलेख असाच. उथळ किनाऱ्यावर खालचं शिखर बसायला जागाच नसते.

‘ऑक्सिजन शून्य’ या शब्दांवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. ऑक्सिजन मोजायच्या विंकलरच्या नेहमीच्या रासायनिक पद्धतीला मायक्रोमोलच्या आसपास आणि त्याखाली नीट दिसत नाही, आणि नेमकं तिथेच एनटूओ पुढे नेणारं विकर चालू-बंद होतं. खास संवेदक नसेल तर नायट्राइटकडे बघा. अंधारातल्या खोल थरात नायट्राइट साठलं असेल तर ऑक्सिजन खरोखरच संपला होता. त्याहून पुढे पाण्याला सडक्या अंड्यांचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड आलं, की नायट्रेट संपलं आणि एनटूओही बहुधा संपत आलेला असतो.

वायू कोणत्या वाटेने आला हे ठरवायला समस्थानिकांचा पुरावा लागतो. एनटूओच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात, एक मधला, एक कडेचा. जड नायट्रोजन मधल्या जागी किती जास्त बसला, यावरून अमोनियाच्या ऑक्सिडीकरणाची (सुमारे ३३ प्रतिसहस्र) आणि डीनायट्रिफिकेशनची (शून्याच्या आसपास) वाट वेगळी ओळखता येते. नायट्रोजन-१५ घालून केलेले प्रयोग हा दुसरा मार्ग. पहिल्या वर्षी यात पडू नये असं माझं मत.

पायरी ६ : हवेत किती गेला

पाण्यात असलेला वायू आणि हवेत गेलेला वायू या दोन गोष्टी आहेत. प्रवाह म्हणजे पाण्यातला जास्तीचा वायू गुणिले वायूच्या अदलाबदलीचा वेग. वेगासाठी वानिंकहॉफ यांचं २०१४ चं समीकरण चालतं : ०.२५१ गुणिले वाऱ्याच्या वेगाचा वर्ग, उत्तर तासाला सेंटीमीटरमध्ये, शिवाय तापमानानुसार छोटी दुरुस्ती. वारा सेकंदाला ७ मीटर असेल तर सुमारे १२.३ सेंटीमीटर, म्हणजे दिवसाला जवळपास ३ मीटर. पाण्यात २७ आणि समतोलाला ७ असतील तर फरक २० नॅनोमोल प्रति लिटर, म्हणजेच २० मायक्रोमोल प्रति घनमीटर. गुणाकार केला की दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे ६० मायक्रोमोल.

वेगात वर्ग आहे, तेव्हा सरासरी वारा घालू नका. अर्धा वेळ ३ आणि अर्धा वेळ ११ असा वारा असेल तर सरासरी ७, तिचा वर्ग ४९. पण वर्गांची सरासरी ६५. एवढ्यानेच प्रवाह तिसऱ्या हिश्श्याने कमी-जास्त होतो.

याच हिशेबातून अजून एक गोष्ट निघते. वरचा मिसळलेला थर २० मीटरचा असेल आणि वायू दिवसाला ३ मीटर वेगाने सुटत असेल, तर जास्तीच्या वायूचा मोठा भाग आठवड्याभरात उडून जातो. म्हणून एनटूओने गच्च भरलेलं पृष्ठजल दिसलं की ते नुकतंच वर आलंय असं समजा. वारा इथे दुहेरी भूमिकेत आहे : पाणी तोच वर आणतो, वायू तोच उडवतो. वादळी दिवस संपल्यावर मोजलेलं स्टेशन आणि आधी मोजलेलं स्टेशन यांची तुलना करताना हे विसरलात तर निष्कर्ष उलटा निघेल.

आणि एक सापळा. शांत, उन्हाच्या दिवसांत वरचे काही मीटर तापून वेगळे होतात. अगदी वरची कातडी आपला वायू हवेला देऊन मोकळी होते, खाली पाच मीटरवर मात्र तो तसाच अडकून राहतो. जहाजाचा पंप साधारण त्याच खोलीवरून पाणी घेतो. पेरूसमोर अभ्यास झाला तेव्हा अशा थरांमुळे प्रवाह फुगवून सांगितला जातो हे दिसून आलं. जमेल तिथे अर्ध्या-एक मीटरवरचा नमुना वेगळा घ्या.

पायरी ७ : कधी आणि कुठे

एका फेरीवरून वर्षाची गोष्ट सांगायचा मोह सगळ्यांना होतो. पण तुमची फेरी निघते ती बहुधा समुद्र शांत असताना, आणि एनटूओची धामधूम चालते ती वारा पिसाटलेला असताना किंवा त्याच्या लगेच नंतर.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याचं उदाहरण मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होताना अपवेलिंग आधी दक्षिणेला, केरळसमोर दिसतं आणि मग उत्तरेकडे सरकतं. त्याच वेळी पाऊस आणि नद्या पाच-दहा मीटरचा गोड्या पाण्याचा थर वर पसरवतात. हे झाकण खालच्या पाण्याला हवा लागू देत नाही. ऑगस्टपासून ऑक्सिजन घसरतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संपतो, आणि या घसरणीच्या काळातच एनटूओ शिखरावर जातो. सल्फाइड आलं की तो गळतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथे लिटरमागे पाचशे नॅनोमोलच्या वर एनटूओ नोंदला गेला, तोवर खुल्या किनारी पाण्यातला सर्वांत मोठा आकडा. पुढे पेरूसमोर तर पृष्ठभागालाच हजाराच्या जवळ जाणारे आकडे मिळाले. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजत आली आहे, आणि हे सगळं हंगामी नाटक क्रमाने दिसतं ते अशा चिकाटीमुळेच. चिलीत कॉन्सेप्सिऑनसमोर स्टेशन १८ वर २००२ पासून महिन्याच्या महिन्याला तेच काम चाललं.

वर्षावर्षातला फरक पेरूत ठळक दिसतो. एल निनोत जास्त ऑक्सिजनचं उबदार पाणी किनाऱ्याकडे येतं, ऑक्सिजन नसलेला थर खाली दबतो, आणि वरच्या पाण्यातला एनटूओ उतरतो. २०१५ मध्ये तसंच दिसलं. वायव्य आफ्रिकेसमोर वारा भरपूर, पाणीही वर येतं, पण येणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन पुष्कळ असल्याने एनटूओ बेताचाच. अपवेलिंग जोरात म्हणजे एनटूओ जोरात, हे समीकरण तिथे मोडतं.

पायरी ८ : नोंदवहीत काय हवं

प्रत्येक बाटलीमागे : तारीख, वेळ, नेमकी खोली, तापमान, क्षारता, ऑक्सिजन, नायट्रेट, नायट्राइट, फॉस्फेट, मागच्या आठवड्याभराचा वारा, विष घातल्याची वेळ, बाटलीत बुडबुडा होता का, आणि पाण्याला वास होता का. शेवटचा मुद्दा छापील तक्त्यात नसतो, पेनने लिहा. जुन्या नोंदींशी ताडून बघायचं तर मेमेंटो हा समुद्रातल्या एनटूओ आणि मिथेनच्या मोजण्यांचा संग्रह आहे. त्यातली रांग घेताना ती कोणत्या महिन्यातली आहे ते आधी बघा.

आणि एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा दसपट मोठा आला तर लगेच खोडू नका. आधी जोडीची बाटली बघा. ती जुळली तर त्याच खोलीचा ऑक्सिजन आणि नायट्राइट बघा. ऑक्सिजन कमी आणि नायट्राइट थोडंच असेल तर तुम्ही काठावरच्या पाण्यात बादली बुडवली होती. तो आकडा ठेवा, आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा बाटली सोडा.